दिवाण म्हणजे पलंग की बैठक?

दिवाण बनवायला मापं घ्यायला गेलं की कुणीतरी विचारतंच, "दिवाणी कोर्टातला दिवाण आणि हा दिवाण एकच का हो?" उत्तर पुरतं ऐकून घ्यायला मात्र कुणाला वेळ नसतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

शब्द एकच. फारसीत दिवाण म्हणजे आधी नोंदवही, मग वह्या ठेवायचं दफ्तर, मग ते सांभाळणारा अधिकारी. 1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली ती महसुलाची. मालमत्तेचे तंटे त्याच खात्याकडे, म्हणून दिवाणी दावा. गालिबच्या गझलांचा संग्रहही दिवाणच. स्वतःशी पुटपुटणारे हिशेबनीस बघून राजा त्यांना 'दिवाने' म्हणाला, ही कथा झकास आहे. पण अभ्यासक हा शब्द जुन्या इराणी 'दिपि'पासून, म्हणजे लिखाणापासून, आल्याचं सांगतात. अशोकाच्या शाहबाजगढीच्या लेखात 'लिपि'च्या जागी हाच 'दिपि' आहे.

आता बैठक. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात वजिरांची मसलत भरे, तिचं नाव दिवाण. वजीर भिंतीलगतच्या बुटक्या, गादी घातलेल्या बैठकांवर बसत आणि सुलतान वरच्या जाळीच्या खिडकीआडून ऐकत असे. मसलतीचं नाव दालनाला लागलं आणि तिथून बैठकीला. माझ्या लेखी सगळं इथेच ठरतं: पाय वर घेऊन बसायचं आणि पाठ भिंतीला टेकायची, म्हणून ही बैठक खोल.

आपण मात्र 6 बाय 3 फुटांचा खोका करून घेतो. रात्री त्यावर पाहुणा झोपतो, दिवसा सगळे पाय सोडून बसतात. पाय सोडून बसायला 20-22 इंच खोली पुरते, इथे असते 36. उरलेल्या जागेत लोड-तक्के भरले नाहीत तर माणूस कडेवरच बसतो आणि फोम तिथेच आधी बसतो. मग कारागिराच्या नावाने ओरड. कडेला रिबॉन्डेड फोमची, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेल्या घट्ट फोमची, पट्टी घाला. गादीसकट उंची 17-18 इंचांच्या वर नेऊ नका, म्हाताऱ्यांचे पाय लोंबकळतात. फळीला हवेची भोकं ठेवा, नाहीतर पावसाळ्यात खालची रजई कुबट होते. कापसाची गादी हवी तर दहा-बारा किलो कापूस लागेल आणि ती अधूनमधून उन्हात टाकावी लागेल.

खोकेवाल्या पलंगाला दिवाण म्हणूच नये, असं मी पूर्वी म्हणायचो. आता वाटतं, नोंदवहीपासून पलंगापर्यंत आलेल्या शब्दाला खोका कसला जड? तरी बिलावर 'दिवाण' लिहिताना हात अडतोच. एवढं मात्र करा: तो भिंतीला लावा. मधोमध ठेवून "पाठ बसवून द्या" म्हणालात तर तो सोफा होईल, आणि सोफ्याची खोली, उंची, फोम सगळं वेगळं धरावं लागेल.