सिटी राहू दे

शाळेच्या हीरक महोत्सवाचं पत्र आलं, स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या म्हणून, आणि खरं सांगतो बाकी काही आठवायच्या आधी आमचे इंग्लिशचे सर डोळ्यासमोर उभे राहिले. नाव लिहीत नाही, आमच्या वेळच्या कुणालाही नुसतं 'सर' म्हटलं तरी कळतं. मी १९८६ ची दहावीची बॅच. इंग्लिश पाचवीपासून सुरू, घरात इंग्लिशचा एक शब्द नाही, वडील गिरणीत, आई विड्या वळायची, वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी. त्यामुळं निबंधात जेवढे जास्त शब्द तेवढं इंग्लिश भारी अशी आमची पक्की समजूत होती. ती सरांनी मोडली.

नववीत, जानेवारी १९८५, गड्डा, म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, नुकताच संपलेला, सरांनी 'जत्रेला भेट' असा निबंध दिला. मी रात्री बसून लिहिला, अजून पाठ आहे. 'एव्हरी इयर ॲन ॲन्युअल फेअर इज हेल्ड इन सोलापूर सिटी. अ बिग लार्ज क्राउड कम्स. वी एन्टर्ड इनसाइड. वी रिटर्न्ड बॅक ॲट नाइन पीएम ॲट नाइट.' वही परत आली तर लाल पेनाचे सहा गोल, आणि स्पेलिंग एकही चुकलेलं नाही! मला काही कळेना. मधल्या सुट्टीत शेजारचा म्हणाला, काय बे, एवढं लाल कशाला केलंय? मलाच माहीत नाही तर त्याला काय सांगू.

दुसऱ्या तासाला सरांनी मला उभं केलं, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "गोल केलेल्या शब्दावर अंगठा ठेव आणि वाक्य वाच." मी 'बॅक' वर अंगठा ठेवून वाचलं. "काय कमी झालं?" काहीच नाही सर. "मग तो शब्द कशाला बसलाय तिथं?" मग सगळ्या वर्गाला सांगितलं की रिटर्न, रिप्लाय, रिपीट यात सुरुवातीला जो 'रि' आहे त्याचाच अर्थ परत, मागे किंवा पुन्हा, म्हणून रिटर्न बॅक नको, रिपीट अगेन नको. ॲन्युअल म्हणजेच दरवर्षीचं. पीएम म्हटलं की दुपार बारानंतरचंच आलं, नऊ पीएम सकाळी वाजत नाहीत. कोऑपरेट मधला 'को' म्हणजे आपल्या सहकारातला 'सह', मग कोऑपरेट टुगेदर म्हणजे मिळून मिळून काम केल्यासारखं झालं. डिस्कस म्हणजेच एखाद्या गोष्टीबद्दल बोलणं, मग पुढं अबाउट कशाला. तेव्हा तार होती, शब्दाशब्दाला पैसे पडायचे, तर सर म्हणायचे निबंध लिहिताना समजा तू घरी तार करतोयस आणि पैसे तुझ्या खिशातले जाणारेत. आता तार कुठली, २०१३ साली ती सेवाच बंद झाली, पण मी अजून तसंच मोजतो.

मला जे लिहायचंय ते मात्र सहाव्या गोलाबद्दल. तो होता 'सोलापूर सिटी' मधल्या सिटीवर. सर म्हणाले, पूर म्हणजेच नगर, मग सिटी परत कशाला. वर्ग गप्प. मला काय झालं माहीत नाही, मी कधी उलट न बोलणारा, पण बोललो, "सर, जिल्ह्याचं नाव पण सोलापूरच आहे, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट सगळं त्यातच येतं, सिटी काढलं तर गड्डा पंढरपूरला पण भरतो असं कुणाला वाटेल." सर क्षणभर थांबले. "बस" म्हणाले, पुढचा धडा घेतला. मला वाटलं आता संपलं आपलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात येताच त्यांनी माझी वही मागितली, सगळ्यांच्या समोर तो गोल खोडला, शेजारी लिहिलं 'सिटी राहू दे', खाली सही आणि तारीख. आणि म्हणाले, "याचं बरोबर होतं, माझं चुकलं. अंगठा ठेवल्यावर काही हरवत असेल तर शब्द ठेवायचा." चाळीसेक पोरांच्या समोर एक मास्तर एका गिरणी कामगाराच्या पोराला असं म्हणतो, १९८५ साली. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या ओळीवर उभं आहे असं मी म्हणेन, कुणाला जास्त वाटलं तर वाटू दे.

मग काय, पोरांना जोर आला. एकानं विचारलं सर मग आपण मराठीत पिवळा पीतांबर, गाईचं गोमूत्र म्हणतो ते? सर मनापासून हसले, म्हणाले पीतांबर म्हणजेच पिवळं वस्त्र, चूक ती चूकच. पण 'कागदपत्र' ला हात लावू नका, कागद फारसीतून आला, पत्र संस्कृत, दोघं जोडीनं नांदतायत. इंग्लिशमध्ये पण तसंच, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच, कायद्याचं लिखाण लॅटिनमध्ये, लोकांची इंग्लिश, म्हणून मृत्युपत्राला अजून 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात, विल इंग्लिश आणि टेस्टामेंट लॅटिन. वकिलाच्या कागदात ती जोडी शोभते, तुमच्या निबंधात नको. हे आम्हाला कुठल्या गाइडमध्ये मिळालं असतं?

आज मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका युनिटमध्ये एक्स्पोर्टचं काम बघतो, बावीस वर्षं झाली, परदेशातल्या बायरला जाणारा प्रत्येक मेल माझ्या नजरेखालून जातो. नवीन पोरं हुशार आहेत, फाडफाड बोलतात, पण लिहितात 'प्लीज रिव्हर्ट बॅक', 'जीएसटी टॅक्स', 'पॅन नंबर', 'एसएससी सर्टिफिकेट', अरे टी म्हणजेच टॅक्स, एन म्हणजेच नंबर, शेवटचा सी म्हणजेच सर्टिफिकेट. बोलताना चालतं, मीही एटीएम मशीन म्हणतो, पण लिहून गेलेल्या शब्दाचा हिशोब होतो. एकदा आमच्याकडून 'वी विल रिपीट द ऑर्डर अगेन' असा मेल गेला आणि बायरनं विचारलं, म्हणजे एकदा परत की दोनदा? यार्न बुक करायचं होतं, दोन दिवस खुलाशात गेले. तेव्हापासून माझ्या टेबलाशी येणाऱ्या प्रत्येक पोराला मी अंगठा ठेवायला लावतो. स्क्रीनवर ठसे उठतात, उठू देत.

शाळा आता ओळखू येत नाही. आमचा वर्ग ज्या कौलारू इमारतीत होता ती पाडली, गिरणीचा भोंगा तर कधीच बंद झाला ज्याच्यावर आपली घड्याळं चालायची. नवीन वर्गात प्रोजेक्टर आहे, चांगलंच आहे, पण वहीत लाल पेनानं कुणी एवढं लिहितं का आता, मला शंका आहे.

सर गेले तेव्हा मी एक्झिबिशनसाठी दुबईत होतो, कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. त्यांना मी कधी सांगितलंच नाही की ती वही मी जपून ठेवलीय. प्रत्येक गड्ड्याला ठरवायचो यंदा घरी जाऊन पायावर डोकं ठेवायचं आणि वही दाखवायची, आणि प्रत्येक वेळी शिपमेंट निघायची.

महोत्सव समितीला एकच विनंती. प्रदर्शनात सरांच्या फोटोखाली जागा असेल तर ती वही मी आणून देतो, ते पान उघडं ठेवा, काच लावा. पानं पिवळी पडलीयत, शिवण सुटलीय, पण लाल शाई अजून दिसते. कार्यक्रम झाल्यावर मात्र मला ती हवी आहे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.