सगळेच तपकिरी

रात्री दिव्यावर येणारे पतंग ओळखायला शिकायचं असेल तर इंग्लंडमध्ये मार्च-एप्रिलात शिकावं. जुलैत दिवा लावला तर सकाळी ट्रॅपमध्ये एवढी गर्दी असते की पुस्तक चाळता चाळता चहा गार होतो. मार्चमध्ये आठ-दहा जातींशी गाठ पडली तरी खूप. फक्त एक अडचण, त्यातले बहुतेक तपकिरी.

ट्रॅप म्हणजे लाकडी खोका, वर ॲक्टिनिक (निळसर-अतिनील प्रकाशाची) ट्यूब, खाली फटीतून आत घसरायला दोन तिरक्या काचा आणि आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. त्यांच्या खळग्यांत पतंग निमूट बसून राहतात. रात्र ढगाळ हवी, वारा पडलेला हवा, थंडी जरा सरलेली हवी. जवळपास तुरे आलेलं विलोचं झाड असलं तर उत्तमच, कारण या दिवसांत त्यांचं खाणंपिणं बरंचसं तिथेच.

पहिली ओळख होते हिब्रू कॅरेक्टर नावाच्या पतंगाची. पुढच्या पंखावर काळीभोर, अर्धवट कंसासारखी खूण. ती दिसली की शंकाच नको. (मे महिन्यात मात्र सिटेशस हिब्रू कॅरेक्टर नावाचे दुसरेच महाशय जवळजवळ तीच खूण घेऊन येतात.) खरी परीक्षा क्वेकर मंडळींची. कॉमन क्वेकरचे पंख गोलसर, त्यावर एक वाटोळा आणि एक मूत्रपिंडासारखा डाग, दोन्हींना फिकट कड. स्मॉल क्वेकर नावाप्रमाणे लहान आणि फिकुटलेला. ट्विन-स्पॉटेड क्वेकरच्या पंखाच्या कडेजवळ काळ्या ठिपक्यांची जोडी. आणि क्लाउडेड ड्रॅब? तो राखाडी असतो, तांबूस असतो, कधी जवळपास काळाही असतो. रंगावर विसंबलात तर तो हमखास फसवणार. त्याच्या पंखांचा टोकदारपणा बघावा. मोबाइलवरची ॲप इथे फारच आत्मविश्वासाने बोलतात; मी भिंग जास्त मानतो.

मग एखाद्या सकाळी ट्रेच्या कडेला ओक ब्यूटी बसलेला असतो: अंगावर दाट लोकर, पंखांवर चॉकलेटी पट्टे, कंगव्यासारख्या मिशा. अशा वेळी पुस्तक मिटून नुसतं बघत बसावं.

मोजदाद झाली की सगळ्यांना दाट झुडपात सोडायचं, तेही उघड्यावर नाही, कारण रॉबिन पक्ष्याला ट्रॅपची वेळ पाठ असते.

यादीत काही जण मात्र कायम अर्धेच राहतात. मार्च मॉथचे नर एका पंखावर दुसरा पंख चढवून ट्रॅपमध्ये येतात. मादीला उडण्याजोगे पंखच नसतात. ती झाडाच्या खोडावरून चालत वर जाते, डहाळीभोवती अंड्यांचं कडं घालते आणि स्वतःच्या अंगावरचे केस त्यावर पांघरते. तिला बघायचं तर रात्री टॉर्च घेऊन खोडं न्याहाळत हिंडावं लागतं. दिव्याचा तिथे काही उपयोग नाही.