आमची वाटचाल : परमिटच्या गोणीपासून पाइपाच्या कारखान्यापर्यंत

आमच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, १९७० च्या दशकात चिपळूणच्या बाजारपेठेत सिमेंट, पत्रे आणि लोखंडाचे दुकान घातले, तेव्हा गाठीला पैसे असूनही माणसाला सिमेंट मिळत नसे. भाव सरकार ठरवी, वाटपही सरकारच करी, आणि घराच्या पायापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत प्रत्येक कामाला परमिट लागे. सातबाराचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन गावाकडचा माणूस तालुक्याला खेटे घाली आणि पन्नास गोण्या मागितल्या असतील तर वीस गोण्यांचा कागद घेऊन आमच्या दुकानाची पायरी चढे.

माल कराडच्या रेल्वे स्थानकात वाघिणींतून उतरून ट्रकने कुंभार्ली घाटाखाली येई. वाघीण कधी लागेल याचा नेम नसे, परमिटची मुदत मात्र ठरलेली असे. मुदत संपली की ती वाढवून घ्यावी लागे आणि त्या वाढीचा दर कुठल्याच फलकावर लिहिलेला नसे. "नाना, साहेब दौऱ्यावर आहेत, परमिट कुठं पळून जातंय?" असे कारकून हसत सांगे, आणि त्या हसण्याचा अर्थ सगळ्या बाजारपेठेला ठाऊक होता. कोकणातल्या पावसाळ्यात तागाच्या गोणीत दमट हवा शिरून सिमेंट धरत असे. फळ्या टाकून आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवून थप्पी रचली तरी श्रावणापर्यंत तळाच्या गोण्या दगडासारख्या होत, मग गडी त्या घणाने फोडून चाळणीने चाळत. असे चाळलेले, ताकद गेलेले सिमेंट नेण्यासाठीसुद्धा गिऱ्हाईक भांडत असे. टंचाई इतकी असली की गोणीपेक्षा सही महाग होणारच.

राज्याच्या राजकारणात याच सिमेंटावरून जे घडले, ते कोकणी माणूस थोड्या वेगळ्या मनाने आठवतो. बॅरिस्टर अ. र. अंतुले हे रायगडमधल्या आंबेतचे, म्हणजे आमच्याच पट्टीतले. १९८० साली ते मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा त्यांच्याच कारकिर्दीत अस्तित्वात आला, याचा येथे सर्वांना अभिमान होता. त्याच वर्षी ऑगस्टअखेर 'इंडियन एक्स्प्रेस'ने अंतुले यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या न्यासाच्या देणग्यांचे प्रकरण बाहेर काढले. मुंबईतील बिल्डरांना झालेले सिमेंटचे वाटप आणि त्यांनी न्यासाला दिलेल्या देणग्या यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी मान्य केला आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटला त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळला. मतदार मात्र त्यांना विसरले नाहीत. २००४ साली कुलाबा मतदारसंघाने त्यांना पुन्हा लोकसभेवर पाठवले. यात विसंगती आहे असे बाहेरच्यांना वाटते, मला तसे वाटत नाही. जिल्हा दिलेला दिसत होता आणि परमिटचा जाच तर कुणाचेही सरकार असले तरी होताच.

आमच्या धंद्यापुरते बोलायचे, तर मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्याने दुकानात काडीचाही फरक पडला नाही. फरक पडला तो पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १९८२ च्या अखेरीस केंद्र सरकारने अंशतः नियंत्रण उठवले तेव्हा. जुन्या कारखान्यांनी उत्पादनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग लेव्ही म्हणून सरकारी भावाने द्यायचा आणि उरलेला खुल्या बाजारात विकायचा, असे ठरले. एकाच सिमेंटाचे दोन भाव झाल्यावर लेव्हीची गोणी रातोरात खुल्या बाजारातली होऊ लागली, हे ओघानेच आले, आणि त्या काळात या व्यापारात सगळे धुतल्या तांदळासारखे होते असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. १ मार्च १९८९ पासून नियंत्रण पूर्णपणे गेले. केवळ ओळखीवर चालणारी काही दुकाने तेव्हा बंद पडली. आम्ही टिकलो, कारण वजन आणि उधारी या दोन्ही बाबतींत नाना चोख होते.

पुढे मी धंद्यात आलो, तेव्हा लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीत कारखाने उभे राहत होते आणि १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाची कामे सुरू होती. हाताला काम होते. आम्ही खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन आर.सी.सी. पाइप, गटारांची झाकणे आणि कुंपणाचे खांब बनवू लागलो.

परमिट गेले होते, पण पाइप घेणारा मोठा ग्राहक पुन्हा सरकारच निघाला. रस्त्याखालच्या मोऱ्यांची कामे घेताना निविदेचा कोरा अर्ज मिळवणे हीच पहिली परीक्षा असे. ठरलेल्या ठेकेदारांची रिंग, म्हणजे आपसांतले संगनमत, झाली की अर्ज संपलेले असत, नाहीतर अर्ज देणारा रजेवर असे. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घेण्याची टक्केवारी वेगळी. एका कार्यालयात आमचे देयक असेच अडकले होते. १२ ऑक्टोबर २००५ रोजी माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा अमलात आला, त्यानंतर आम्ही १० रुपयांचा अर्ज करून त्या फाइलचा प्रवास तारखांसह मागितला. नियमाने उत्तर ३० दिवसांत द्यायचे होते. उत्तराआधी धनादेशच आला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांची टिंगल करणाऱ्या आमच्या काही व्यवसायबंधूंनी त्या आठवड्यात अर्जाचा नमुना आमच्याकडून मागून नेला.

ई-निविदा सक्तीची झाल्यावर अर्ज दडवण्याचा प्रकार थांबला, ही माझ्या मते आमच्या क्षेत्रातली सर्वांत मोठी सुधारणा आहे. अटीच एखाद्याच्या मापाने शिवण्याची सोय मात्र शिल्लक आहे, आणि मोजमाप अजून माणूसच घेतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी लागते. हा उतारा कामगारांसह सर्वांना दिसेल असा आम्ही कार्यालयात लावला आहे, शेजारी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांकही आहे.

आज आमचा बराचसा माल आंबा बागायतदार, बांधकाम व्यावसायिक आणि लोट्याचे कारखाने यांच्याकडे जातो. सरकारी काम आम्ही नाकारत नाही, पण मार्चअखेरीची जुनी देयके हाती पडल्याशिवाय नवी निविदा भरत नाही.