कापसाच्या खोलीतलं ऑफिस

जानेवारीत मला पुण्याच्या एका विमा कंपनीत नोकरी लागली. आलेल्या दाव्यांची कागदपत्रं तपासायची. महिन्यातून तीन दिवस पुण्याला जायचं, बाकी काम घरून. घर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावहून आत. कंपनीनं लॅपटॉप आणि हेडफोन पाठवला, सोबत सूचना: शांत खोली, चांगलं इंटरनेट, मागे साधी भिंत.

तशी खोली आमच्याकडे एकच, आणि तिच्यात छातीएवढा कापूस भरलेला.

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2025-26 च्या हंगामात क्विंटलला 8110 रुपये होता. गावात येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या केंद्रावर न्यायचा तर ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा, 8 असला तर पूर्ण भाव. बाबा रोज ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघायचे आणि म्हणायचे, "अजून चार दिवस." वर्षाची कमाई त्या खोलीत होती. मला खोली हवी, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? आजीनंच विचारलं, "मंग पोरीनं बसाचं कुठी?" बाबांनी फावड्यानं कापूस मागे ढकलला आणि खिडकीजवळ सहा फूट जागा मोकळी करून दिली.

तिथे मी तीन आठवडे काम केलं. कापसाजवळ बसून ज्यानं दिवस काढलाय त्याला हातापायांची खाज माहीत असेल. मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीत तंतू अडकायचे. रोज संध्याकाळी रंगाच्या मऊ ब्रशनं ते काढायचे. पहिल्याच मीटिंगला एकानं विचारलं, मागे पांढरं काय आहे? मी कॅमेरा वळवून ढीग दाखवला आणि हे किती क्विंटल असेल ते सांगितलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, साध्या भिंतीचं जाऊ द्या, हेच बरं आहे. त्या दिवशी फार मोकळं वाटलं.

टेबल मात्र मी घाईत करून घेतलं आणि ते चुकलं. जुन्या घराचं सागवानी कवाड पडून होतं. सुतारकाकांनी त्याला रंधा मारून चार पाय लावले, उंची अडीच फूट, सगळीकडे असते तशी. माझी उंची पाच फूट. आठवडाभरात खांदे कानाला लागायला लागले, मनगट दुखायला लागलं. मग खुर्चीत बसून हात कोपरात काटकोनात धरले आणि आईला जमिनीपासून कोपरापर्यंत टेपनं मोजायला लावलं: 26 इंच. काकांनी पाय चार इंच कापले. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, "पहिलेच मोजाले पाह्यजे होतं मीनं." लॅपटॉप दोन पाटांवर ठेवला, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येते, टाइप करायला वेगळा कीबोर्ड घेतला. नवीन नोकरीत काही घेण्याआधी आपलं कोपर मोजा, एवढं मी कोणालाही आग्रहानं सांगेन.

खिडकी उत्तरेची. तिच्याकडे तोंड केलं तर डोळे दिपायचे, पाठ केली तर उजेड पडद्यावर यायचा. ती डाव्या हाताला घेतली.

लाइनचं, म्हणजे विजेचं वेगळं. आमचं घर गावठाण फिडरवर, म्हणजे शेतपंपांपासून वेगळ्या, गावातल्या घरांच्या लाइनवर, तरी लाइन जातेच. घरात इन्व्हर्टरला 150 एएचची (अँपिअर-तास) बॅटरी आहे, 12 व्होल्टची. म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. हातात त्याहून कमी येतात. लॅपटॉप, राउटर, एक पंखा, एक बल्ब मिळून दीडशे वॅटच्या आसपास, त्यामुळे दुपार निघते. पण इन्व्हर्टर लागताना क्षणभर झटका बसायचा, राउटर बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जायची आणि मी मीटिंगमधून बाहेर. राउटरपुरता छोटा यूपीएस घेतला, लाइन गेली तरी क्षणभरही वीज तुटू न देणारा, त्रास संपला. इन्व्हर्टरवर खर्च करण्याआधी हीच वस्तू घ्यायला हवी होती.

जानेवारी संपता संपता कापूस गाडीत भरला. खोली झाडून, शेणानं सारवून घेतली. एप्रिलपासून खिडकीत कूलर आहे. समोरचं दार उघडं ठेवलं तरच तो गारवा देतो, आणि दार उघडं म्हणजे घरात येणारा प्रत्येक जण माझ्याशी बोलणार. म्हणून कॉल असला की कडीला लाल दुपट्टा बांधते. आता शेजारची काकूही ओसरीत आली की आधी कडीकडे बघते. आजी सगळ्यांना दटावते, "दुपट्टा हाय ना बाप्पा, हळू बोला."

परवा बाबा टेप घेऊन मागच्या अंगणात काही मोजत होते. पत्र्याची शेड टाकायची म्हणतात, दसऱ्याच्या आधी, पहिल्या वेच्याचा कापूस घरात यायच्या आत. मी म्हटलं, बाबा, मी ओसरीत बसेन, खर्च कशाला? त्यांनी टेप गुंडाळला.

"कापूस शेडात राहीन," ते म्हणाले. "तुहं टेबल हालवाचं नाई."