हँडल थरथरतं कुठून? ९०० किलोमीटरच्या प्रवासात सापडलेलं उत्तर

पहिल्या दिवशी ३४० किलोमीटर संपवून उतरलो आणि हेल्मेटचा पट्टा सुटेना. दोन कड्यांतून ओवलेला साधा पट्टा, एरवी न बघता सुटतो. त्या संध्याकाळी उजव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला आपण कापड धरलंय की लोखंड, हेच कळत नव्हतं. शेवटी मित्राने पट्टा सोडवला. हात गरम पाण्यात धरून बसलो, तरी झोपेपर्यंत झिणझिण्या होत्या. हात सुन्न असेल तर ब्रेकच्या लिव्हरवर किती जोर लागतोय तेही कळत नाही, आणि मी तसाच शेवटचे ५० किलोमीटर अंधारात चालवत आलो होतो. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः हँडलच्या कंपाबद्दल आहे. रस्ता चांगला होता, हवा चांगली होती, त्याबद्दल एवढंच पुरे.

माझी गाडी एका सिलिंडरची, ३५० सीसीची, जुन्या धाटणीची. इंजिनात कंप तोलणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. वरच्या गिअरला ताशी ९० ला इंजिन ४५०० आरपीएमवर (मिनिटाला ४५०० फेरे) फिरतं. कंप जाणवायचा, पण शहरातल्या अर्ध्या तासाच्या चालवण्यात त्रास होत नव्हता. निघायच्या आदल्या रात्री खबरदारी म्हणून हँडलच्या दोन्ही टोकांना जड बार-एंड, म्हणजे कंप दाबण्यासाठीची वजनं, बसवले आणि प्रश्न मिटला असं धरून चाललो.

पहिली अडचण अर्ध्या तासातच आली. वळणाआधी रेस कमी केली, तर इंजिन खाली येईना. क्लच दाबला, गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली. बघतो तर नव्या बार-एंडची कड ग्रिपच्या रबराला घासत होती आणि थ्रॉटलची (रेसची) फिरती नळी तिथेच अडकत होती. एक वॉशर घालून दीडेक मिलिमीटरची फट केली आणि काम झालं. पण हे वळणावर झालं असतं तर काय, हा विचार अजून जात नाही. बार-एंड बसवलेत की गाडी जागेवर उभी करून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा, प्रत्येक टोकाला थ्रॉटल उघडून सोडा. तो खटकन परत आलाच पाहिजे. हे केल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र म्हणाला, "अरे, वजनं लावण्याआधी कंप कुठून येतोय ते बघितलंस का?" बघितलं नव्हतं. पठारावर सरळ, मोकळा रस्ता लागला तेव्हा तीन गोष्टी करून पाहिल्या. पाचव्या गिअरला ९० ने गेलो: बोटांत बारीक, जोरदार झणझण. मग चौथ्या गिअरला ७० ने गेलो. वेग कमी, पण इंजिन जवळपास तेवढंच, ४५०० ला. झणझण तशीच. शेवटी ९० ला क्लच दाबून थ्रॉटल सोडला आणि गाडी नुसती घरंगळू दिली. हँडल शांत. म्हणजे दोष चाकाचा नाही, इंजिनाच्या बाजूचा.

हा फरक हाताला समजतो, फक्त काय शोधायचं ते ठाऊक हवं. मोटारसायकलच्या चाकाचा घेर साधारण दोन मीटर. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला बारा-तेरा वेळा फिरतं. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं, टायर एका बाजूने झिजला, तर हँडल तेवढ्या संथ लयीत हलतं, मोजता येईल असं. इंजिन मात्र ४५०० आरपीएमला सेकंदाला ७५ वेळा फिरतं. ते मोजता येत नाही, त्याच्या मुंग्याच येतात. तिसरा प्रकार चेनचा: ती खरखर गिअर कुठलाही असो, वेगाबरोबर वाढते, आणि रेस देताना-सोडताना झटके बसतात. चेन कधीही एकाच ठिकाणी ताण बघून ठेवू नका. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा, कारण झिजलेली चेन एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी ताठ असते.

दुपारी सावलीत गाडी थंड होऊ दिली आणि इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट तपासले. पुढच्या बाजूचा खालचा बोल्ट पान्याला न अडता जवळजवळ अर्धा आटा फिरला. नटाभोवती तांबूस भुकटी जमली होती. पोलादाचे दोन भाग एकमेकांवर बारीक घासत राहिले की अशी गंजाची पूड निघते. पाना लावण्याआधीच ती दिसायला हवी होती. काही दिवसांपूर्वीच गाडीचं काम एका ठिकाणी करून घेतलं होतं. तिथे बोल्ट नीट आवळला गेला नाही की नंतर सैल झाला, ते सांगता येणार नाही. पण परत आणल्यावर मी स्वतः पाना लावून बघायला हवं होतं. सगळे फाउंडेशन बोल्ट थोडे सैल केले, गाडी हलवून इंजिन आपसूक जागेवर बसू दिलं, मग मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंचने आवळले. एकच बोल्ट ताकदीने पिळला तर इंजिन फ्रेममध्ये तिरकं ताणलं जातं आणि कंप वाढू शकतो.

पुढच्या २० किलोमीटरमध्येच फरक कळला. आरशात मागची गाडी आदल्या दिवशी नुसता डाग दिसत होती, आता तिचे दिवे वेगळे ओळखू येत होते.

सगळा कंप गेला नाही, आणि जाणारही नव्हता. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली धावतो. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, वजनाने त्याचा सगळा धक्का तोलायला गेलं तर तोच धक्का आडवा, पुढे-मागे बसू लागतो. म्हणून इंजिन बनवणारे साधारण अर्धाच भाग तोलतात आणि उरलेला दोन दिशांत वाटून देतात. बॅलन्सर शाफ्ट क्रँकच्या उलट दिशेने तेवढ्याच वेगाने फिरून हा उरलेला भाग खातो. माझ्या गाडीत तो नाही, म्हणून माझ्या हातात एकच गोष्ट उरते: आरपीएम. हा धक्का आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ९० ऐवजी ८० ने गेलो की इंजिन ४५०० वरून ४००० वर येतं आणि धक्का एकपंचमांशाने उतरतो. उरलेला सगळा प्रवास मी ८० नेच केला.

आता त्या जड बार-एंडबद्दल, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. हँडल ही मधोमध पकडलेली पोकळ नळी. तिची दोन्ही टोकं मोकळी, आणि तिला स्वतःची एक लय असते. इंजिनाची लय त्या लयीशी जुळली की टोकं जोरात थरथरतात. टोकाला वजन लावलं की हँडलची लय खाली सरकते. कंप नाहीसा होत नाही, जागा बदलतो. आधी माझं हँडल ४८०० च्या आसपास सर्वात जास्त झणझणायचं, तिथे मी क्वचितच जायचो. जड वजनांनी ते शिखर नेमकं माझ्या दिवसभराच्या ४५०० वर आणून ठेवलं होतं. दुसऱ्या रात्री मूळची हलकी वजनं परत लावली. तेव्हा वजन निवडताना आपण तासन्‌तास कुठल्या आरपीएमवर चालतो ते आधी टिपून घ्या.

तिसऱ्या दिवशी घाटात काही अंतर मित्राशी गाडी बदलली. त्याची चार सिलिंडरची. मोठे धक्के तिथे एकमेकांना मारतात, पण क्रँकच्या दुप्पट लयीचा बारीक कंप उरतो: ६००० आरपीएमला सेकंदाला २००. तिथे माझे जाड, गादीचे हातमोजे थोडे उपयोगी वाटले. माझ्या गाडीवर त्यांनी काहीच फरक पडला नव्हता, आणि ते साहजिक आहे. असे मोजे बारीक, जलद कंप थोडाफार अडवतात, सेकंदाला ७५ च्या कंपाला ते जवळजवळ तसाच हातापर्यंत जाऊ देतात. वर जाड मोज्यामुळे पकड आवळली जाते, आणि आवळलेल्या मुठीत कंप जास्त शिरतो.

हातांचंही शोधलं. करंगळी आणि अनामिका सुन्न होतात तेव्हा तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस दबलेली असते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट सुन्न झालं तर मनगटाच्या मधली. माझी तळहाताची कड ग्रिपच्या टोकावर टेकत होती. लिव्हर थोडे खाली फिरवले, जेणेकरून कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यावी. टाकी गुडघ्यांनी धरली आणि अंगाचा भार हातांवरून काढला. याला खर्च शून्य आणि उपयोग बोल्टाच्या खालोखाल.

विश्रांतीचा हिशोब मात्र बहुतेक जण चुकतात. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात कामगारांच्या हातांना बसणाऱ्या कंपासाठी आठ तासांच्या सरासरीने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही दक्षतेची आणि ५ ही कमाल मर्यादा दिली आहे. त्यामागचं गणित आपल्यालाही लागू आहे: कंप दुप्पट झाला तर हाताला तेवढाच डोस (कंपाचा जोर आणि वेळ मिळून) व्हायला वेळ निम्मा नाही, पाव पुरतो. म्हणून थरथरत्या गाडीवर दर ४०-५० मिनिटांनी उतरा, मुठी उघडझाप करा. थंडीत अजून लवकर, कारण गारठ्याने बोटांतल्या रक्तवाहिन्या आधीच आकसलेल्या असतात. बोटं पांढरी पडू लागली, किंवा बधिरपणा रात्रभरात गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

फोन हँडलवर लावत असाल तर कंप शोषणारा माउंट घ्या, नाहीतर फोन खिशात ठेवा. मोटारसायकलच्या इंजिनाच्या कंपाने कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, हे ॲपलने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे.

परत आल्यावर हँडलच्या नळीत लोखंडी छर्रे भरून दोन्हीकडे फोमचे बूच बसवले. छर्रे एकमेकांवर घासून कंपाची शक्ती उष्णतेत घालवतात, नुसतं वजन ते करत नाही. भरताना वायरिंग नळीच्या आतून जातंय का ते आधी पाहा. रबरावर बसणाऱ्या हँडल क्लॅम्पचाही विचार केला होता. १९६७ च्या नॉर्टन कमांडो या ब्रिटिश मोटारसायकलने सगळं इंजिनच रबरावर टांगून हाच मार्ग घेतला होता. पण रबराने पुढचा ब्रेक दाबताना हँडल किंचित सैल वाटतं, आणि मला ते नको होतं.

५०० किलोमीटरनंतर त्या फाउंडेशन बोल्टवर परत पाना लावला. हलला नाही. नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. आता निघण्यापूर्वी टायरची हवा बघताना ती रेघ सरळ आहे ना, तेही बघतो.