तुम्ही विचारलंत म्हणून: रडायला कशाला बसता?

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला. घरात रडगाणी कमी आहेत का, म्हणून तुम्ही रडके सिनेमे लावून बसता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आमच्याकडे उघड रडायची सोय फारशी नाही. मयतीत रडता येतं, मुलीच्या पाठवणीत रडता येतं. एरवी डोळ्यांत पाणी दिसलं की कुणीतरी विचारतंच, "का झालं व?" मग उत्तर द्यावं लागतं. पुरुषांना तर तेवढीही मुभा नाही. 1991 साली 'माहेरची साडी' आला. पुढे गावात भाड्याचा व्हीसीआर आणून तो लावला, तेव्हा अंगणभर बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. पडद्यावरच्या सुनेच्या नावावर कुणी आपल्या सासरासाठी रडली, कुणी गेलेल्या लेकरासाठी. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांतही तेच. दिवाळीनंतर धान घरात आलं की वडशाच्या कंपन्या गावोगाव रात्रभर नाटकं करतात. हसायलाही भरपूर असतं (नाहीतर पहाटेपर्यंत बसेल कोण!), पण दुसऱ्या दिवशी बांधावर चर्चा होते ती रडवलेल्या प्रवेशाची.

याचं उत्तर आमच्याच भागातल्या माणसानं देऊन ठेवलंय. भवभूती, आठव्या शतकातला नाटककार. त्याचं पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं इथे मानतात. 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात त्यानं म्हटलंय, तलाव तुडुंब भरला की पाणी बाहेर काढून देणं हाच उपाय. दुःखानं भरलेलं मनही रडण्यानंच तग धरतं. मामा तलावांच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांच्या, गोंदिया-भंडाऱ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सांडवा नसला की पाळ फुटते.

मला मात्र त्याचा पहिला अंक जास्त पटतो. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच वनवासाची चित्रं पाहत असतात. शूर्पणखेचं चित्र येतं आणि सीता दचकते. तेव्हा राम तिला म्हणतो, अगं, हे चित्र आहे. आमची सगळी गंमत त्या एका वाक्यात आहे. 'हे चित्र आहे' असं म्हणता आलं पाहिजे, तरच रडता येतं.

म्हणून कुठलंही दुःख चालत नाही. माझी बहीण यवतमाळकडे दिली आहे, कापसाच्या भागात. तिला मी 'गाभ्रीचा पाऊस' पाहायला सांगितला. 2009 चा सिनेमा. शेजारच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली, आता आपला नवराही तेच करेल या धास्तीनं बायको त्याच्यावर पाळत ठेवते. फार चांगला सिनेमा, मधून मधून हसवतोही. तिनं अर्ध्यातच बंद केला. "हे त आमच्या गल्लीतलंच हाय, याले पाहाचं काय?" म्हणाली. मी सुचवलं याचंच आता मला नवल वाटतं.

सासुरवासाचा सिनेमा लागला की हीच बहीण जागची हलत नाही, पोटभर रडते. तिची सासू केव्हाच वारली, आणि बाई तशी मोठी मायाळू होती.