तुम्ही विचारलंत म्हणून: नेव्हीत ‘यस सर’ का नाही म्हणत?

नेव्हीत 15 वर्षं काढली म्हटलं की लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर कोणी ना कोणी विचारतंच, काय हो, ते ‘आय आय सर’ म्हणजे नक्की काय, साधं ‘यस सर’ चालत नाही का? एकाने तर आय म्हणजे डोळा का असंही विचारलं होतं. डोळ्याचा काही संबंध नाही. हा ‘आय’ म्हणजे इंग्रजीतला जुना ‘हो’, सोळाव्या शतकाच्या शेवटी लिखाणात दिसायला लागला. स्कॉटलंडमध्ये लोक आजही रोजच्या बोलण्यात वापरतात, आणि लोकसभेत आवाजी मतदान झालं की अध्यक्ष ‘द आइज हॅव इट’ म्हणतात ना, तोच हा.

पण खरी गंमत अर्थात आहे. साहेबाने विचारलं ‘जेवलास का’ तर उत्तर ‘यस सर’, कारण तो प्रश्न आहे. साहेबाने हुकूम दिला तर ‘आय आय सर’, आणि त्याचा अर्थ दोन गोष्टी एकदम, हुकूम समजला आणि मी तो पाळतोय. आपल्याकडे घरात ‘हो हो’ म्हणून माणूस पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतो, ते हो ला हो झालं, तसं जहाजावर चालत नाही. समजलं नसेल तर ‘आय आय’ तोंडातून काढायचंच नाही, परत विचारायचं, त्यात काही कमीपणा नाही. मला हा भाग फार आवडायचा, वय अठरा-एकोणीस असलं तरी तुमच्या शब्दाला किंमत होती.

सुकाणूवर असताना तर उत्तराची पद्धत अजून कडक. अधिकारी म्हणणार ‘पोर्ट टेन’, म्हणजे सुकाणू डावीकडे 10 अंश. मी आधी तेच शब्द परत म्हणायचे, ‘पोर्ट टेन सर’, मग चाक फिरवायचं, काटा 10 वर आला की सांगायचं ‘टेन ऑफ पोर्ट व्हील ऑन सर’, आणि तो म्हणणार ‘व्हेरी गुड’. ही शाबासकी नाही हं, तुझं उत्तर मला ऐकू आलं एवढंच, आणि हे वरच्याने खालच्याला म्हणायचं, मी साहेबाला ‘व्हेरी गुड’ म्हणणं शोभत नाही. जुन्या जहाजांवर तर चाकवाला खालच्या बंद खोलीत असायचा, समुद्र दिसायचा नाही, हुकूम पितळी नळीतून यायचा, मग परत म्हणून दाखवल्याशिवाय वरच्याला कळणार कसं. इंजिनरूमला वेगाचे हुकूम पोचवणारं काट्याचं यंत्र असतं, टेलिग्राफ म्हणतात, त्याचंही तेच, वरून घंटी वाजवून काटा फिरवला की खालूनही तसाच फिरवून घंटी द्यायची.

याचा फायदा मी स्वतः बघितलाय. एका रात्री अधिकारी थकलेला, त्याला म्हणायचं होतं स्टारबोर्ड, म्हणजे उजवीकडे, आणि तोंडातून गेलं पोर्ट. मी मोठ्याने ‘पोर्ट टेन सर’ म्हटलं आणि स्वतःचाच हुकूम दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्याला चूक कळली, लगेच दुरुस्त केला. चाक अजून हललंही नव्हतं. तेव्हापासून मी हा रिवाज कधी नुसती औपचारिकता मानली नाही.

आणि कधीकधी परत म्हणूनसुद्धा भागत नाही. डाव्या बाजूला आधी ‘लारबोर्ड’ म्हणायचे, उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’, आता वाऱ्यात हे दोन शब्द ओरडून बघा, सारखेच ऐकू येतात, म्हणून 1844 मध्ये ब्रिटिश रॉयल नेव्हीने लारबोर्ड काढून पोर्ट ठरवला. आपल्या नेव्हीची ही सगळी बोली तिथूनच आलेली.

रॉयल नेव्हीतला अजून एक जुना रिवाज सांगतो, हा कोणी विचारत नाही पण विचारायला हवा. रात्री नांगरलेल्या जहाजाकडे होडी येताना दिसली की पहारेकरी ओरडायचा ‘बोट अहोय!’ आणि होडीतून काय उत्तर येतं त्यावरून आत कोण आहे ते कळायचं. ‘आय आय’ आलं तर अधिकारी आहे, ‘नो नो’ आलं तर मिडशिपमन, म्हणजे अधिकारी व्हायला शिकणारा पोरगा, किंवा साधे खलाशी, म्हणजे मानाने स्वागताची तयारी नको. होडी दुसरीकडेच चालली असेल तर ‘पासिंग’. अ‍ॅडमिरल असेल तर ‘फ्लॅग’. आणि जहाजाचा कॅप्टन स्वतः बसलेला असेल तर त्याचं नाव नाही, हुद्दा नाही, अंधारातून फक्त त्याच्या जहाजाचं नाव यायचं, आणि ते ऐकलं की डेकवर सगळे आपापल्या जागी धावायचे.